ताईचं दुसरं आयुष्य

रविवार, १४ डिसेंबर. अमरावती.

"पाहिलं नाही तोवर कणाच्या दोन्ही शक्यता जिवंत असतात," अकोल्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्राच्या बाई म्हणाल्या होत्या. परीक्षेत मला ते धड लिहिता आलं नव्हतं. पंचवीस वर्षांनी त्यावर कादंबरी लिहिली. हल्ली बरेच जण लिहितात तशीच, एक बाई आणि तिची दोन जगं. एका जगात आई गेल्यावर ताई शिक्षण सोडून मला वाढवते, म्हणजे झालं तसंच. दुसऱ्यात ती नागपूरला जाऊन एम.एस्सी. करते.

आज अकोल्याला ताईकडे गेले होते. तिनं सगळं वाचलं होतं. नागपूरच्या प्रकरणातल्या एका पानाचा कोपरा दुमडलेला. तुरीच्या शेंगांतून सोले काढता काढता म्हणाली, "काहून वं, मी नागपूरले गेली, तं तुयी वेणी कोनं घातली?"

मी हसले. ती नाही.

"त्या जगात तू दिसूनच नाही राहिली मले."

खरंच, त्या चाळीस पानांत मी नाहीच. ताईला मोकळं करताना धाकटीला कुठे ठेवायचं, हे मला सुचलं नाही. की सुचू दिलं नाही? क्वांटमचं नाव घेतलं की हे विचारावं लागत नाही, एवढी सोय आहे खरी.

परतताना बसमध्ये, तिनं परत दिलेल्या प्रतीचा तो कोपरा सारखा सरळ करत होते. आवडलं म्हणून दुमडला असेल, की दुखलं म्हणून?

उद्या फोन करणार आहे. ती उडवून लावेल, माहीत आहे. तरी, ताई, तेव्हा तुला जायचं होतं का, एवढं एकदा खरं सांग.