आईच्या मानेतली लावणी

७ जुलै

झालं एकदाचं आईचं ऑपरेशन! दोन वर्षं मानेवर थायरॉइडची गाठ घेऊन फिरली बया — "दुखत न्हाई ना, मग कशाला?"

मी त्यांच्याच हॉस्पिटलात नर्स, म्हणून सर्जन राजेंद्र सरांनी मला थिएटरमध्ये उभं राहू दिलं, फक्त दिवे आणि कॅमेरा सांभाळायला. थायरॉइडला चिकटून तांदळाएवढ्या चार ग्रंथी असतात. रक्तातलं कॅल्शियम त्यांच्या हातात. गेल्या तर बोटं आखडतात, जन्मभर गोळ्या. नुसत्या डोळ्यांना त्या चरबीच वाटतात, पण दिवे बंद केले की या कॅमेऱ्यात चमकतात.

मी दिवे बंद केले. तीन दिसल्या. चौथी नाहीच!

"असेल खोल कुठेतरी," सर म्हणाले.

"सर, काढलेली गाठ बघू या ना एकदा!"

कॅमेरा ट्रेवर धरला — गाठीला चिकटून पांढरा ठिपका! सरांनी ती ग्रंथी सोडवली, बारीक कापून मानेच्याच स्नायूत बसवली. थिएटरमध्ये रडायचं नसतं. मी रडले.

८ जुलै

सकाळी सरांनी आईला विचारलं, "बोटांना मुंग्या?" "न्हाई." दुपारी वेणी घालताना बोटं वळून आखडली. कॅल्शियम पार खाली! केवढी ओरडले मी. तर म्हणते, "आगं, लावणीत चिखलात हात घालून दरसाली येत्यात मुंग्या. त्या काय डाक्टरला सांगायच्या?"

कपाळ माझं!

सर म्हणाले, तिघी दुखावल्यात, चौथीला रुजायला वेळ लागेल. नाही सावरल्या तर गोळ्या कायमच्या.

११ जुलै

लोणावळ्याला माझ्या खोलीवर आणली. पाच वर्षांत एक रात्र राहिली नव्हती इथे. गावाला, टाकव्याला, भात, शेळ्या — सवड कुठली! चौथ्या ग्रंथीचं समजावलं. लगेच कळलं तिला.

"म्हंजी उपटून दुसरीकडं लावलं. मग धा-पंधरा दिस पिवळं पडणारच की."

सरांना फोनवर हे सांगितलं, तर हसत सुटले.

२० जुलै

मुंग्या आहेतच. भीती वाटते. डबा मात्र रोज तीच भरते.

२ ऑगस्ट

सर चक्रावलेत. रक्तातलं कॅल्शियम सुधारतंय, मग मुंग्या का जात नाहीत? गोळ्या तशाच. ड्यूटीवरून आले की चहा तयार असतो. कुणी वाट बघत असलं की किती बरं वाटतं!

९ ऑगस्ट

ग्रंथी धरल्या! कॅल्शियम नॉर्मल; मुंग्या असल्या तरी सरांनी गोळ्या बंद केल्या! धावत सांगायला आले. आई भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "मुंग्या कवाच्याच गेल्यात. पंधरा दिस झालं. सांगितलं असतं तर तू मला टाकव्याला धाडलं असतंस."