पाखरांची नावं आणि माझं

३ डिसेंबर १९९१

साधी वाटी दाखवली, तर ह्यांनी ती भिंतीवर भिरकावली! धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलंय — अर्धांगाच्या झटक्यात शब्द हरवलेत, रोज वस्तू दाखवा, नाव वदवून घ्या. सांगायला काय जातंय त्यांचं!

डॉक्टरांनी माझ्याकडेही बोट केलं होतं. "ह्या कोण?" हे खाली बघत राहिले. आता डॉक्टरांना कसं सांगू, छत्तीस वर्षांत ह्यांनी माझं नाव कधी घेतलंच नाही. "ऐकलं का" एवढ्यावर संसार झाला. मग हे लाजले, की विसरले? जीव नुसता टांगणीला लागलाय.

७ डिसेंबर

शेजारचे अभिमनभाऊ आम्हाला जळगावातल्याच मेहरूण तलावावर घेऊन गेले. निवृत्त ड्रॉइंग मास्तर. "वहिनी, वाट्या-चमचे पुरे. थंडीची पाखरं आलीत." गळ्यात दुर्बीण, तोंडात भाषण. मला सगळी बदकंच दिसली.

८ डिसेंबर

गारठा. मफलर. शब्द एकही नाही.

१२ डिसेंबर

बोलले!! काठावर बसल्या बसल्या एकदम — "धोबी." मी म्हटलं, अहो, कपडे परवाच दिले की त्याला. तर हे चिडून मांडीवर हात मारायला लागले. अभिमनभाऊंची हसून पुरेवाट. "वहिनी, पाखरू शे ते! धोबीच म्हनतस त्याले!"

समोर चिखलात काळं-पांढरं इवलंसं पाखरू, शेपटी सारखी खालीवर, घाटावर कपडे आपटावेत तशी. हेही हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा. मी पदराआड रडून घेतलं. घरी येऊन शिरा केला.

२० डिसेंबर

टिटवी. खंड्या. शेकाट्या — ह्याला तीन दिवस लागले. मलाही थापट्या ओळखता येतो आता, उलथण्यासारखी चोच. नवशिक्यानं आधी चोच बघावी, मग पाय, रंग सगळ्यात शेवटी — इति अभिमनभाऊ. किती हलकं वाटतंय! भाकरी गोड लागते.

२९ डिसेंबर

अकरा नावं झाली. पण मनात आलं ते लिहूनच टाकते — पाखरांची नावं येतात, माझं येत नाही. थापट्याचा हेवा करणारी बाई मी एकटीच असेन! विचारायचा धीर होत नाही. नाहीच आठवलं तर?

४ जानेवारी १९९२

धुळ्याला गेलो. डॉक्टरांनी पुन्हा माझ्याकडे बोट केलं. ह्यांचे ओठ बराच वेळ नुसतेच हलले. मग म्हणाले, "धुरपदा."

डॉक्टरांनी कागद पाहिला. "नाही हो. पुष्पाबाई."

पुष्पा हे नाव लग्नात ह्यांनीच ठेवलं, तांदळात अंगठीनं लिहून. धुरपदा मी माहेरी होते. आई गेल्यापासून त्या नावानं मला कुणी हाक मारली नव्हती.

मी म्हटलं, "डॉक्टर, बरोबर सांगतात हे. तुमचा कागद बदला."