नाकापुढचा कापूस

१ नोव्हेंबर १९५६, गुरुवार

आजपासून आपण मुंबई राज्यात म्हणे. पोरगा जानराव पेपर वाचून सांगत होता. बसल्या जागी मुंबईले गेलो—मोटारीचं भाडं नाही, धूळ नाही! रिठद गाव होतं तिथंच, गोठा तिथंच, माझ्या बुढ्याचा दमाही तिथंच. वाशिमचा डॉक्टर जानरावले म्हणाला होता, "हिवाळा निघाला तर निघाला." अन् हिवाळा तर आता कुठं लागून राह्यला.

बुढा करवतीवानी श्वास ओढते आणि मी बाजूले पडून ऐकते. एक आला की दुसऱ्याची वाट पाहायची. दुसरा आला की तिसऱ्याची. याले झोप म्हणत नाहीत. थकली.

५ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळी सरली. करंज्या जळल्या. म्याच जाळल्या—कढईपुढं बसल्या बसल्या डोळा लागला. सून काही बोलली नाही, पण ललिताचं न बोलणंही साऱ्या घरात ऐकू येते.

रामधन शिंप्याकडे चोळी टाकायले गेली. हा लढाईत पलटणीसोबत ब्रह्मदेशात होता. कपडे शिवायचा. तिथल्या एका भिक्षूजवळ काही शिकून आला, तवापासून रोज डोळे मिटून बसते. लोक हसतात. मीही हसत होती.

मले पाहून म्हणे, "मावशी, डोळे पाह्य कसे खोल गेले."

"झोप नाई रे. काही पुडी-गिडी हाये काय तुयापाशी?"

"पुडी नाई. श्वासाकडं पाहत बसत जाय."

"एकाच्या पाहूनच तं मरून राह्यली!"

"त्याच्या नाई वं मावशी. आपल्या."

नाकाच्या शेंड्यावर ध्यान ठेवायचं. आला तर आला, गेला तर गेला. ओढायचा नाही, ढकलायचा नाही, धरून ठेवायचा नाही. म्या म्हटलं, "म्हणजे काही करायचंच नाई?" तर म्हणे, "तेच तं अवघड हाये."

आळशाचा धंदा दिसते.

६ नोव्हेंबर

बसली. पहिला श्वास पाह्यला. दुसऱ्याले तूर आठवली, तिसऱ्याले ललितानं ओलं सरपण लावलं ते आठवलं. उठून तिले बोलून आली, तवा बरं वाटलं.

९ नोव्हेंबर, शुक्रवार

वावरात सीतादही केलं. पऱ्हाटीची पूजा, दहीभात, मग कापसाचा पहिला वेचा. कापूस बरा फुटला आहे. बुढ्याले यायचं होतं, पण अंगणाच्या पुढं त्याचे पाय गेले नाहीत. दरवर्षी पहिलं बोंड तोच तोडायचा. परत आली तर विचारते, "धागा लांब हाये काय वं?" पहिल्या वेच्यातला थोडा कापूस पदरात बांधून आणला होता, तो त्याच्या हातात देल्ला. चिमटीनं ओढून पाहत बसला. लई वेळ.

१५ नोव्हेंबर

रोज बसून राह्यली. श्वास काही हाती लागत नाही. नाकाच्या शेंड्यावर मले नुसतं नाकच सापडते.

म्हणून एक तोड काढली. बुढ्याजवळचा तोच कापूस घेतला, पिंजून पिसावानी केला आणि नाकापुढं धरला. हलला की समजायचं, गेला. हे जमलं! तेवढ्यात ललिता पाण्याची घागर घेऊन आत आली आणि किंचाळली—

"आत्याबाई! जितं माणूस कापूस नाकाशी धरते काय! मेल्याच्या नाकाले धरतात तो!"

घागर अर्धी सांडली. बुढा बाजेवरून पाहत होता. इतका हसला की खोकला लागला, आणि खोकला इतका लागला की आमचं दोघींचं भांडण राहूनच गेलं. दम आल्यावर म्हणे, "ठेव, ठेव, जपून ठेव. माया कामी येईन."

"तुमी गप पडा," म्या म्हटलं. कापूस कोनाड्यात ठेवून देल्ला. फेकवला नाही.

२४ नोव्हेंबर, शनिवार

आता कापूस लागत नाही. थंडा आत जाते, कोमट बाहेर येते. एवढं आयुष्य हे नाक घेऊन फिरली आणि माहीत नव्हतं! आणि एकाच नाकपुडीतून. डावी बंदच. जन्मभर नथीनं ओढली, आता कायले उघडते ती!

रामधनले सांगतलं. म्हणे, चांगलं आहे. म्या म्हटलं, चांगलं काय त्यात, बुढा खोकलला की सारं मोडते. म्हणे, "खोकला आला तं आला म्हणायचं, मावशी."

"तुया बाप असा खोकलला असता म्हणजे समजलं असतं तुले!"

मशीन थांबवली त्यानं. म्हणे, "बाप ब्रह्मदेशात असतानी मेला माया. मले खोकला ऐकाले भेटला नाई."

चोळी घेतली आणि आली. कधी कधी माझं तोंड माझ्या आधी पोचते.

४ डिसेंबर

श्वास कधी लांब, कधी आखूड. लांब असला की लांब आहे म्हणून समजते. गुडघे दुखतात, पण शेजारणीचे दुखून राह्यल्यावानी. उठली की परत माझे.

झोप थोडी येऊन राह्यली. बुढा मात्र आता आडवा होत नाही. उश्या लावून बसल्या बसल्याच डोळे मिटते.

१६ डिसेंबर, रविवार

आज भ्याली. श्वास बारीक होत गेला, सुतावानी, मग सुताहून बारीक. मग नाहीच! शोधला—नाकात नाही, छातीत नाही. मनात आलं, गोजराबाई, तू मेली. आणि बुढ्याले औषध कोण देईन? तशी खाडकन डोळे उघडून कोनाड्याकडे गेली, कापूस काढला, नाकापुढं धरला. हलला. हातही हलून राह्यला होता, म्हणून दुसऱ्यांदा पाह्यलं.

रामधन म्हणे, "हरवला तं शोधाचा नाई. जिथं हरवला तिथंच बसून राह्य. गाय येते ना आपसूक खुट्यावर."

"अन् नाई आली तं?"

तो सुईत दोरा ओवत बसला.

२२ डिसेंबर

डॉक्टर येऊन गेला. सुई टोचली. जानरावले बाहेर नेऊन बोलला. बाहेर नेऊन बोलतात म्हणजे आत ऐकू येत नाही असं यांले वाटते.

२९ डिसेंबर, शनिवार

बुढा म्हणे, "मले बी शिकव."

"काय?"

"तेच. दुपारी करत असते ते."

म्या म्हटलं, "हसत होते ना?" तर म्हणे, "आता हसाले दम नाई." म्हणून शिकवलं. नाकाच्या शेंड्यावर पाहा, आला तर आला. त्याचा येते तो लाकडं कापायच्या आराकशीतून फळी निघाल्यावानी. तो काय पाहीन आणि मी काय शिकवीन! दोघंही थकलो.

७ जानेवारी १९५७, सोमवार

रोज दुपारी बसतो. साऱ्या बाया वेचाले गेल्या की घर मोकळं. तो भिंतीले टेकून, मी समोर. आज डोळे उघडून म्हणे,

"गेल्यावर तो जरा थांबते वं."

"कोण?"

"श्वास. बाहेर गेला की लगेच येत नाई. मंधात थोडी जागा हाये. तिथं काहीच दुखत नाई."

मले ती जागा अजून दिसली नाही! म्या एवढे दिवस गुडघे मोडले आणि हा बाजेवर टेकल्या टेकल्या पोचला. राग आला. खरंच आला. रामधनले सांगतलं तर म्हणे, "आता त्याच्याजवळच बसत जाय, मावशी." ते काही मले आवडलं नाही.

१४ जानेवारी, सोमवार

संक्रांत. ललितानं मले हिरव्या बांगड्या भरल्या, गच्च, मनगटभर. म्या म्हटलं, "एवढ्या कायले वं, म्हातारीले?" तिनं मान वर केली नाही. "भरा, आत्याबाई." तिच्या हाताले कासारणीपेक्षा घाई होती.

बुढ्यानं तिळगूळ जिभेवर ठेवला आणि तसाच ठेवला.

१९ जानेवारी

त्याची ती मंधातली जागा मोठी होऊन राह्यली. गेला की मी थांबते. मग येते. तो आला की माझा येते. माझ्या नाकाचं ध्यान सुटून त्याच्या नाकावर जाते. रामधननं पहिल्याच दिवशी नाही म्हणून सांगतलं होतं ते. पण कोणाचा कोणता, हे आता मले निवडता येत नाही.

तो मात्र निवांत आहे. विचारलं, "पाणी?" तर बोट वर केलं—थांब म्हणून. कामात आहे म्हणून!

२३ जानेवारी, बुधवार

दुपार. सारे वावरात. हाक मारायच्या आधी लिहून ठेवते.

बसलो होतो. त्याचा गेला. म्या वाट पाह्यली. शोधला नाही, जिथं हरवला तिथंच बसली. लई बसली.

मग कोनाड्यातून कापूस काढला, त्याच्या नाकापुढं धरला. हलला! पण मी फार जवळ वाकली होती. म्हणून म्या आपला श्वास धरला.

कापूस थांबला.