केराची टोपली

६ ऑक्टोबर, सोमवार
नीना, लिही. परवा फोन करायला विसरलीस, काल तारीख घालायला. सत्तरी माझी आणि विसरभोळी तू. ही रोजनिशी माझ्यापुरती आहे. मी फोनवर सांगते, तू तिकडे अर्विंगला तुझ्या घरी बसून टाइप कर, मत देऊ नकोस.
इथे शुभाच्या नवऱ्यानं, जावई परीक्षितरावांनी, तुझ्या बाबांचा नागपूरचा जुना कॉम्प्युटर जसाच्या तसा नव्या लॅपटॉपच्या पोटात चालू केला. तोच हिरवट पडदा, तोच पत्त्यांचा डाव. आणि मी माउसनं काढलेल्या त्रेचाळीस रांगोळ्या, बाबांनी जपून ठेवलेल्या. ते गेल्यापासून आजच बघितल्या. शनिवारी मंडळाच्या बायकांना मीच चालवून दाखवणार. अक्षर येत नाही, पण कॉम्प्युटर येतो मला.

७ ऑक्टोबर, दुपारी ३
घरी कोणी नाही. पडद्यावरची चित्रं सरकवून आवरली. कोपऱ्यातली केराची टोपली भरलेली दिसली. दिवेलागणीआधी केर टाकायचा, ही माझी सवय. मशीननं काहीतरी विचारलं. बाबा सांगायचे, दोन बटणं आली की डावीकडचं दाब. दाबलं.

संध्याकाळी ६
रांगोळ्यांचं पिवळं पाकीट सापडत नाही. सरकवताना टोपलीत पडलं असणार.
शुभाला म्हटलं, मशीन कच्चं बसवलंय. हे खोटं नाही, अंदाज आहे. ती नवऱ्यावर बरसली, बाबांची एवढी एक गोष्ट सांभाळता आली नाही म्हणून. ते म्हणाले, "माझंच काही राहिलं असेल."
उद्या सांगते.

८ ऑक्टोबर
सांगणारच होते. त्यांची मीटिंग निघाली. मग माझं डोकं दुखलं. शुभा त्यांच्याशी बोलत नाही. चहा मी नेऊन दिला, साखर जास्त घातली.

९ ऑक्टोबर
लग्नात ज्यांच्या पायांवर मी पाणी घातलं, त्यांच्याच अंगावर केर लोटला. उद्या नक्की. हे टाइप करू नकोस.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
जेवताना दोघांसमोर सांगितलं. टोपली मीच रिकामी केली. शुभानं घास खाली ठेवला. माझ्याकडे नाही, नवऱ्याकडे बघितलं.
ते म्हणाले, "आई, मला त्याच दिवशी कळलं. या घरात केर दुसरं कोण टाकतं?"
रोज सकाळी ते त्या जुन्या मशीनची एक प्रत काढून ठेवतात. रांगोळ्या मंगळवारीच परत आल्या होत्या, त्रेचाळीसच्या त्रेचाळीस. मी सांगेन म्हणून थांबले होते. तीन दिवस बायकोचा अबोला सोसून.
उद्या मंडळात लॅपटॉप तेच चालवतील. मी शेजारी हात मांडीवर ठेवून बसणार.
नीना, हसू नकोस, लिही. तुझ्या तिथल्या दुकानातून संत्रा बर्फीचे दोन डबे पाठव. माझ्यासाठी नाहीत. वर परीक्षितरावांचं नाव तूच घाल, आणि बर्फी ताजी बघून घे.