विषय क्रमांक चार: बारकूची जागा

रविवार, ७ सप्टेंबर. सकाळी.
अत्यंत खेदपूर्वक नमूद करतो की सभेसाठी ठरवलेल्या सतरंजीला मधोमध भोक आहे. मंडपवाला शेखर म्हणतो, कुणाला तरी त्यावर बसवा, झाकलं जाईल. समतेच्या सभेत भोकावर कुणी बसायचं, याचा निर्णय एकाही स्मृतिग्रंथात नाही.
असो. २८ तारखेला ‘विस्मृत इतिहास संवाद’. गाव आणि कातकरवाडी प्रथमच एकत्र बसणार. खर्डी परिसरातला हा पहिलाच प्रयोग (बातमीत ‘तालुक्यातला’ लिहिणे). संकल्प: मी कमी बोलेन. फार तर चाळीस मिनिटं.

मंगळवार, ९ सप्टेंबर.
वाडीवर गेलो. बारकूला विचारलं, वाडी मूळची कुठली? बारकू म्हणजे वीस वर्षं आमची आंब्याची बाग राखणारा म्हातारा कातकरी. हसत सुटला. म्हणाला, “तुमाला ठावं नाय, दादा? तुमच्या कलमांखालची.”
माझ्या आजोबांनी कलमं लावली, तेव्हा अठरा झोपड्या ओढ्यापलीकडे गेल्या. “घरं उचलली, मेलेली ऱ्हायली तितंच,” म्हणाला. त्याची आई विहिरीजवळच्या कलमाखाली आहे.
दर पित्री अमावास्येला तो त्याच झाडाखाली बसायचा. मला वाटायचं, झोपा काढतो. एकदा बोललोही होतो त्यावरून.
मटेरियल उत्तम!

शुक्रवार, १२ सप्टेंबर.
लेख झाला. ‘पायाखालचा इतिहास’. आजोबांचं नाव शब्दमर्यादेमुळे गेलं. ‘एका जमीनमालकाने’ असं घातलं. जयश्रीने वाचून विचारलं, हा मालक कोण? मी म्हटलं, व्यक्ती महत्त्वाची नसते, प्रवृत्ती महत्त्वाची. ती म्हणाली, “प्रवृत्तीच्या नावावर सातबारा नसतो हो, शास्त्रीबुवा.”
बायकोला निबंधाची शैली कळत नाही.

रविवार, २१ सप्टेंबर. पित्री अमावास्या.
बारकू अंथरुणावर. त्याच्याऐवजी त्याची बायको हिराबाई भाताचा घास घेऊन बागेत आली. झाडापाशी ठेवला. मग म्हणाली, त्याचं काय खरं नाय आता. आईजवळ ठेवाल का त्याला?
मला भरून आलं. पण असले निर्णय एकट्याने घेणं म्हणजे जुनीच मालकशाही. हे तिला नीट समजावलं. रविवारच्या अजेंड्यावर घेतलं: विषय क्रमांक चार. (एक दीपप्रज्वलन, दोन प्रास्ताविक, तीन माझ्या लेखाचं वाचन.)
तिने विचारलं, आयतवार किती दिसांनी? म्हटलं, सात.
“थांब म्हणते त्याला,” म्हणाली आणि गेली.

सोमवार, २२ सप्टेंबर.
चुलतभाऊ सुनिल येऊन बसला. म्हणे, आज एक पुरशील, उद्या अठरा झोपड्या येतील. अतिशय संकुचित विचार. मनातल्या मनात चांगला फैलावर घेतला त्याला. सातबारा काढून पाहिला, सहज.

शुक्रवार, २६ सप्टेंबर. सकाळी ९.
पहाटे बारकू गेला.
त्याचा मुलगा मंगेश कुंपणाबाहेर उभा. फाटक उघडंच होतं. हातात कुदळ. म्हणाला, “खड्डा कुठं मारू, दादा?”
मी म्हटलं, दोनच दिवसांचा प्रश्न आहे रे. एकदा सभेत ठराव झाला की कायमची वाट मोकळी होईल. प्रोसिजर सांगितली.
त्याने सगळं ऐकून घेतलं. “मढं ऱ्हातंय का दोन दिस?” एवढंच विचारलं. आवाज चढवला असता तर मला उत्तर सुचलं असतं.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
ओढ्यापलीकडे पुरला. खड्ड्यात पाणी लागत होतं, बायका टोपांनी उपसत होत्या, असं सुनिल म्हणाला. मी गेलो नाही. प्रास्ताविक लिहून व्हायचं होतं.

रविवार, २८ सप्टेंबर.
सभा झाली. गावातून अकरा माणसं, वाडीवरून एकही नाही. प्रास्ताविक पंचावन्न मिनिटं. विषय क्रमांक चार ‘प्रयोजन न उरल्याने’ वगळला. शब्द माझाच. बातमीत ‘उत्स्फूर्त प्रतिसाद’ लिहिलं, खोडलं, परत लिहिलं.

सोमवार, २९ सप्टेंबर.
हिराबाई आली होती. विहिरीजवळच्या कलमाखालची टोपलीभर माती मागितली. त्याच्यावर घालायला. म्हटलं, विचारायचं काय त्यात, ने की. तरी तिने दोनदा विचारलं, “मागनं काय बोलणार नाय ना, दादा?”
ती माती भरत होती आणि मी बघत होतो, फार खोल तर खणत नाही ना.
बातमी पाठवलेली नाही.
वाडीवर आता कुठल्या तोंडाने जायचं, याची काळजी वाटते असं जयश्रीला सांगितलं. ते खरं नाही. रविवारी अख्ख्या गावाने ‘हो’ म्हटलं असतं, तरी मी जागा दिली नसती. मंगेशशी बोलताना मला ते माहीत होतं. आज तो कुदळ घेऊन परत आला, तरी देणार नाही. काळजी वाटते ती याची.