मे महिन्यातली मखमल

१२ एप्रिल

नाही, डायरी, तूच सांग — मे महिन्यात, वरसाव्याच्या उघड्या लॉनवर, दुपारच्या मुहूर्ताला, मखमल? मरून मखमल! वर जरीची बॉर्डर, आत अस्तर, गळ्यापर्यंत बटणं. साईराजच्या घरच्यांनी म्हणे ठरवलंय — आमच्या धाकटीच्या, इशिताच्या लग्नात दोन्हीकडचे बाप राजे दिसणार. थीम! पिक्चरमधल्या दरबारासारखी. अरे, पिक्चरमधला राजा शॉट संपला की व्हॅनिटीत एसी लावून बसतो. आमचे पप्पा कुठे बसणार? मागच्या उन्हाळ्यात साध्या शर्टात स्टेशनच्या जिन्यावर चक्कर आली होती त्यांना.

आई म्हणाली, "मुलीकडचे आहोत आपण. गप बस."

का बसू?

१३ एप्रिल

पिरियड पिक्चर बघूनच कपडे शिवायचे, तर नीट बघा ना! गिरण्यांच्या काळावरचा तो पिक्चर मला पाठ आहे. त्यात शेठच्या मागे एक कारकून उभा असतो — फिकट सुती कोट, अस्तर नाही, खांदे पडलेले, खिसे बाहेरून लावलेले. खाली ढगळ पँट, कमरेला चुण्या. अख्ख्या पिक्चरमध्ये घाम न आलेला माणूस तोच! शेठ बसलाय सिल्कमध्ये शिजत. त्या लोकांना उन्हाळा कळत होता. आपण एसीच्या भरवशावर अक्कल विकून खाल्ली.

पप्पांना तसाच कोट शिवणार. ठरलं.

१५ एप्रिल

ईश्वरभाई, आमचे मीरा रोडचे टेलर. मोबाइलवर कारकुनाचा फोटो दाखवला.

"भाई, शादी में जाना है के नौकरी मांगने?"

अस्तर नको म्हटलं, तर असं बघितलं जसं काही मी चड्डीच नको म्हणालो. "अंदर कुछ नहीं डालेगा तो कोट खड़ा कैसे रहेगा?" उभा राहायलाच नकोय त्याला! लोळू दे की!

पप्पांचा जुना शर्ट मापाला देऊन आलो. पप्पांना माहीत नाही. सरप्राइज.

२४ एप्रिल

कोट आला. काय पडतो अंगावर! पप्पांनी घातला, आरशासमोर उभे राहिले. मग काढला, घडी घातली.

"पिक्चरमध्ये हा कोण घालतो म्हणालास?"

सांगितलं. कारकून.

"अभिनव, आयुष्यभर क्लार्क होतो मी. पोरीच्या लग्नातही क्लार्कच का?"

मी कापड समजवायला लागलो. हवा कशी खेळते, खांदा का पाडलाय. त्यांनी मध्येच तोडलं — "तू लिहितोस त्या गोष्टीला पूर्णविराम नसतो, तुझ्या कोटाला अस्तर नाही. तुझं काही पुरं असतं का रे?"

आई हसली. इशितापण! पूर्णविराम न देणं हा प्रयोग आहे!! पण या घरात कुणाला सांगायचं. आणि कारकून असण्यात कमीपणा काय? सगळ्या पिक्चरमध्ये शहाणा तोच तर होता. साईराजकडच्यांनी यांच्या डोक्यात राजा घुसवलाय. दुसरं काही नाही.

२५ एप्रिल

घरात कुणाशी बोललो नाही. जेवलो मात्र. कोलंबी होती.

२७ एप्रिल

साईराजलाच फोन लावला. होणारा जावई असेल घरचा, माझा कोण? "तुमच्या हौसेपायी माझा बाप मांडवात आडवा झाला, तर उचलायला कोण येणार? तुझी थीम?"

"अभिनवदादा, पण ते तर..."

कट केला! बरं वाटलं.

२८ एप्रिल

सकाळी इशिता माझ्या खोलीत आली. दार लावून घेतलं. रागाने लाल झाली होती.

"दादा, थीम त्यांची नाहीच. पप्पांनीच साईराजच्या बाबांना फोन करून मागितली. वर म्हणाले, सांगताना तुमच्याकडून आलं म्हणून सांगा — आमचा अभिनव हसेल मला."

मखमल हा मूर्खपणाच आहे. अजूनही म्हणतो.

पण हसेल?

पप्पा चपला घालून दाराशी उभे आहेत. भाईंदरला त्या मखमलीची ट्रायल आहे आज, एकटेच निघाले होते. मी जातोय सोबत. तू बोलू नकोस काही. चाललो.