अळंबीची जागा

आई, यंदा श्रावणात उमरोळीला घरी गेले आणि वहिनीने तळलेली अळंबी बघून माझं डोकंच फिरलं. तव्यावर लसूण-तिखट लावलेली, तांदळाच्या पिठात घोळवलेली अळंबी चरचरतेय, कडा तांबूस होतायत, आणि दादा पहिला तुकडा तोंडात टाकून म्हणतो, "आयेच्याच हातची हाय ही." मी म्हटलं, मीठ कमी आहे. कमी नव्हतं.

तू गेल्यावर मी बोईसरला एका कंपनीच्या कँटीनचा स्वयंपाक बघायला लागले. मशरूमची भजी केली की कामगार हलत नाहीत, "दीदी, और दो ना" चालू असतं. आहाराबद्दल सांगायला आलेल्या एक बाई म्हणाल्या, मशरूममध्ये प्रथिनं असतात, तंतू असतात, जीवनसत्त्वं असतात आणि चरबी अगदी नावाला. पण तळताना ती तेल पितात, म्हणून तेल चांगलं तापवून थोडी थोडी सोडायची. मी सगळं पाळते. पण डब्यातल्या त्या पांढऱ्या मशरूमना रानातल्या अळंबीचा मातकट वास मी कुठून आणू? तो वहिनीकडे आहे, कारण अळंबी उगवते ती जागा तिला ठाऊक आहे.

ती सकाळ अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. वहिनी लग्न होऊन आलीये त्याला वर्षही झालेलं नाही. तू टोपली घेतेस आणि माळावरची अळंबी उगवते ती वारुळं दाखवायला तिला हाक मारतेस. मी चपला घालते तशी मला अडवतेस. "तू नको येव. लेकीला जागा नाय दावत, ती सासरी सांगल. तू खायाला ये." मी हसले खरी, पण आतून नुसती जळले. जन्मापासून तुझी मी, आणि जागा कालच्या पोरीला! पद्धत होती, मान्य. आपल्याकडच्या सगळ्याच आया तसं करायच्या. पण माझ्यासाठी एकदा मोडली असतीस तर काय बिघडलं असतं गं?

हे पत्र टाकायचं नाहीच आहे, म्हणून सांगून टाकते. यंदा श्रावणात त्या दिवशी जेवणं झाल्यावर वहिनीच म्हणाली, "चला ताई, जागा दावते तुमाला. आता कोण इचारतंय!" मी म्हटलं, गुडघे दुखतायत. गुडघ्यांना काही झालेलं नाही, आई. मला ती जागा तिच्याकडून नको होती.